चौऱ्याऐंशीवं निळं पान

मिसेस प्रॉक्टरनी सगळ्यात आधी माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं.

“इथे शाई चालत नाही, मिस्टर गानू. फक्त पेन्सिल.”

ते लाल शाईचं पेन होतं. शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तरी खिशाला ते नसलं की मला अर्धवट कपडे घातल्यासारखं वाटायचं. त्यांनी ते दाराजवळच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि मला आणि शर्वरीला छान टोक केलेली एकेक पेन्सिल दिली.

“आजोबा, तुमच्या पेनला अरेस्ट केलं,” शर्वरी माझ्या कानात म्हणाली.

शर्वरी म्हणजे माझी नात, मेधाची मुलगी. तेव्हा दहा वर्षांची. २०११ सालचा ऑगस्ट होता, तिच्या शाळेला सुट्टी होती, आणि मी पहिल्यांदाच लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो.

लंडनपासून तासाभरावरच्या त्या गावात, एका जुन्या चर्चच्या इमारतीत, ब्रिटिश चित्रपटांच्या जुन्या पटकथांचा संग्रह होता. चर्चमधले बाक काढून तिथे लोखंडी मांडण्या लावल्या होत्या, मांडण्यांवर करड्या पुठ्ठ्याच्या पेट्या, प्रत्येकीवर नंबर. जिथे पाद्री उभा राहत असेल तिथे आता वाचायचं टेबल होतं. मिसेस प्रॉक्टर तिथलं सगळं बघायच्या. साठीच्या आसपासच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आवाज इतका हळू की त्यांच्याशी बोलताना आपलाही आवाज खाली येई. त्यांना मुलं आवडतात हे मला लगेच कळलं. शर्वरीला त्या ‘हात लावू नकोस’ म्हणाल्या नाहीत, ‘हात धुऊन ये’ म्हणाल्या.

आमची पेटी तळघरातून वर यायची होती. तोवर त्यांनी दुसऱ्या दोन-चार पेट्या उघडून दाखवल्या. एका पटकथेवर चहाच्या कपाचा गोल डाग होता, साठ वर्षांपूर्वीचा. एकीत कुणा नटानं आपल्या वाक्यांखाली रेघा मारून समासात लिहिलं होतं, ‘इथे हसायचं नाही. काल हसलो.’ एका विनोदी पटकथेत कुत्र्यालाही संवाद होते. शर्वरीनं ते भुंकून वाचून दाखवले आणि मिसेस प्रॉक्टर तोंडावर हात धरून हसल्या.

मला मात्र सगळ्यात आवडले ते रंगीत कागद. पटकथा पांढऱ्या कागदावर टाइप केलेली, पण मधेच एखादं निळं पान, एखादं गुलाबी.

“चित्रीकरण सुरू झाल्यावर काही बदललं, की तेवढं पान वेगळ्या रंगाच्या कागदावर टाइप करून सगळ्यांना वाटायचे,” मिसेस प्रॉक्टर म्हणाल्या. “पहिला बदल निळा, दुसरा गुलाबी. वर तारीख.”

“आणि जुनं पान?” मी विचारलं.

“तेव्हा लोक फेकून द्यायचे. आम्हाला मिळालं तर आम्ही ठेवतो. नवं पुढे, जुनं त्याच्या मागे. इथून काहीच काढून टाकत नाही.”

“चुकीचं असलं तरी?” शर्वरी म्हणाली.

“चुकीचं असलं तर नक्कीच ठेवतो.”

सदतीस वर्षं मी मुलांच्या वह्यांतल्या चुकांवर काट मारत आलो होतो. ही पद्धत मला फार आवडली. चौथीच्या वर्गात करून बघायला हवी होती, असं वाटून गेलं.

आम्ही ज्यासाठी आलो होतो त्या चित्रपटाचं नाव ‘मेजर हॅरोज रिव्हर’. तो कधी पुरा झालाच नाही. १९५७च्या जानेवारीत ती कंपनी आमच्या गावी, भोर तालुक्यातल्या करंजघरला, नीरेच्या काठावर तीन आठवडे उतरली होती. मी पाच वर्षांचा होतो आणि अंगावर गोवर असल्यामुळे घरात कोंडलेला. मला आठवतात ते फक्त दिवसाढवळ्या नदीवर लावलेले मोठमोठे दिवे, खिडकीतून पाहिलेले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, भोरच्या कोर्टात कारकून होते. इंग्रजी चांगलं, म्हणून कंपनीनं त्यांना दुभाषा म्हणून घेतलं. पुढे जे घडलं ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. सांगायची आत्या. पुरातून मेजर गाव वाचवतो, तेव्हा होडीवाल्यानं त्याच्या बुटांवर डोकं ठेवायचं आणि ‘आम्ही गुरंढोरं’ असं काहीतरी म्हणायचं. ऐन वेळी कंपनीच्या गोऱ्या साहेबानं ते काम अण्णांच्या गळ्यात घातलं. अण्णा म्हणाले, “मी हे म्हणणार नाही.” कागद साहेबाच्या हातात ठेवले आणि सरळ घरी निघून आले.

“माझा भाऊ आहे तो!” असं म्हणून आत्या गोष्ट संपवायची.

ती सांगायला लागली की अण्णा उठून मागच्या दारी जायचे आणि धुतलेलेच पाय पुन्हा धुवायचे. आम्ही म्हणायचो, किती साधा माणूस. स्वतःची स्तुती ऐकवत नाही.

ही गोष्ट मी करंजघरच्या शाळेत चौथीच्या वर्गाला दरवर्षी चौदा ऑगस्टला सांगितली. मुलं अगदी गप्प बसून ऐकायची. एकदाच एक मुलगी मधे उठली होती. सुगंधा भोई, ८४ सालच्या वर्गातली. “गुरुजी, ते तुमचे अण्णा नव्हते. ते माझे आजोबा होते. आमची आजी सांगते.” वर्ग हसला. मी हसलो नाही. मी प्रेमानं म्हणालो, “सुगंधा, आपले आजोबा शूर होते असं प्रत्येकाला वाटतं. वाटायलाच हवं. खाली बस, बाळ.” ती बसली. मुलीला न दुखावता समजावलं, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मी निवृत्त झालो तेव्हा गावानं शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर अण्णांचं चित्र रंगवून घेतलं. खाली मोठ्या अक्षरांत, ‘साहेबाला नाही म्हणणारे चिंतामणराव गानू’. शर्वरीनंही लंडनच्या शाळेत पणजोबांवर भाषण करून शाबासकी मिळवली होती. मग मेधानं इंटरनेटवर शोधाशोध करून या संग्रहाला पत्र लिहिलं, अण्णांच्या गोष्टीसकट. उत्तर आलं की त्यांच्याकडे पटकथेच्या तीन प्रती आहेत, आणि एकीवर पेन्सिलीनं कुठल्यातरी भारतीय लिपीत नोंदी आहेत. त्या कुणालाच वाचता येत नाहीत. तुमचे वडील मदत करतील का?

पेटी आली. मिसेस प्रॉक्टरनी पटकथा मऊ उशीवर उघडून ठेवली, पानं मिटू नयेत म्हणून वर कापडात शिवलेली मण्यांची माळ ठेवली. मी पहिलं पान उलटलं आणि अण्णाच दिसले.

अण्णा कोर्टातल्या जुन्या लोकांसारखे आधी ओळभर लांब शिरोरेषा ओढायचे आणि मग तिला एकेक अक्षर टांगायचे. मीही त्यांच्याकडून तेच शिकलो आणि मुलांना तेच शिकवलं. आधी दोरी बांधा, मग कपडे वाळत घाला. गेले पाच आठवडे शर्वरीलाही मी रोज सकाळी असंच मराठी वाचायला शिकवत होतो. तिच्या लेखी ‘ळ’ म्हणजे पिळलेला पंचा आणि ‘ध’ म्हणजे गाठ मारलेला रुमाल.

“आजोबा, दोरी!” ती जवळजवळ ओरडलीच. “आणि कपडे!”

“तुझ्या पणजोबांचे,” मी म्हणालो. अण्णा जाऊन बत्तीस वर्षं झाली होती.

दोन तास आम्ही वाचत होतो. इंग्रजी संवादांच्या शेजारी अण्णांनी गावकऱ्यांसाठी मराठी वाक्यं लिहिली होती. मधेमधे स्वतःपुरत्या नोंदी. ‘येथे मेजरसाहेब शिंकतात. आज खरोखरच शिंकले.’ ‘बाईंनी शेळीस घाबरू नये, शेळी गरीब आहे.’ शर्वरी एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचायची. शब्द लागला की मी म्हणायचो, “बरोबर.” मग ती आपल्या कागदावर पेन्सिलीनं एक उभी रेघ मारायची. मी मिसेस प्रॉक्टरनी दिलेल्या फॉर्मवर इंग्रजी भाषांतर लिहीत होतो. जेवायच्या सुट्टीपर्यंत तिच्या सत्तेचाळीस रेघा झाल्या.

“पन्नास झाल्यावर आईस्क्रीम,” ती म्हणाली.

“शंभर झाल्यावर,” मी म्हणालो.

“आजोबा, चीटिंग!”

चौऱ्याऐंशीवं पान निळं होतं. टाइप केलेला मजकूर थोडाच. ‘होडीवाला गुडघे टेकतो, मेजरच्या बुटांवर कपाळ ठेवतो. आपल्या भाषेत म्हणतो की त्याचे लोक गुरं आहेत आणि मेजर त्यांचा राखणदार.’ शेजारी अण्णांच्या अक्षरात मराठी वाक्य. ‘साहेब, आम्ही गुरंढोरं. तुम्ही हाकलंत म्हणून पैलतीराला लागलो.’

म्हणजे ते वाक्य जुळवलंही अण्णांनीच होतं. हे आत्यानं कधी सांगितलं नव्हतं.

खाली समासात, बारीक अक्षरांत, आणखी काही ओळी होत्या. त्या मी मनात वाचल्या.

‘धोंडू भोई नाही म्हणाला. हे माझ्या तोंडातून निघणार नाही म्हणाला. साहेबांनी तीनदा सांगून पाहिले. मग त्याचे पागोटे उतरवून माझ्या डोक्यावर ठेवले. मी म्हटले. चार वेळा म्हटले, चौथे पसंत पडले. धोंडूचे नाव या कागदांत कोठेच नाही, म्हणून येथे लिहून ठेवीत आहे. चिं. वि. गानू.’

मी पुन्हा पहिल्या ओळीवर गेलो. पुन्हा वाचली. अक्षर इतकं स्वच्छ होतं की दुसरं काही वाचायला जागाच नव्हती.

“सापडलं का?” मिसेस प्रॉक्टर टेबलाशी येऊन उभ्या होत्या. चष्मा डोळ्यांवर चढवला होता. “तुमच्या मुलीनं लिहिलं होतं तोच प्रसंग ना हा? मी सकाळपासून या पानाची वाट बघतेय.”

मी मान हलवली.

“काय लिहिलंय त्यांनी?”

माझ्या हातात पेन्सिल होती. समोर फॉर्म होता. मी लिहिलं, चांगल्या, गोल, शाळामास्तरी इंग्रजीत: दुभाषा चिं. वि. गानू यांनी हे वाक्य म्हणण्यास नकार दिला आणि ते निघून गेले.

एवढं लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल.

“अरे वा!” मिसेस प्रॉक्टरनी वाकून वाचलं. “म्हणजे पुरावा मिळाला. हे मी आजच सूचीत घालते, तुमच्या नावानिशी.”

“आजोबा,” शर्वरी म्हणाली.

तिचं बोट समासातल्या ओळीवर होतं. ओठ हलत होते. “धों… डू. भो… ई. ना… ही. म्ह… म्हणाला. धोंडू भोई नाही म्हणाला!” जोडाक्षर पहिल्यांदाच एका दमात लागलं होतं. तिनं पेन्सिल उचलली, रेघ मारायला, आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या ‘बरोबर’साठी थांबली.

“नाही,” मी म्हणालो. “तसं नाहीये ते.”

“पण हा ध आहे. गाठीचा रुमाल.”

“जुनं अक्षर आहे, बाळ. तेव्हा वेगळं काढायचे.”

“मघाशी तर ‘धरा’ वाचलं मी. तुम्ही बरोबर म्हणालात. सेम आहे.” तिनं बोट अक्षरावरून हलवलं नाही. “आणि पणजोबांचं नाव चिं-नं सुरू होतं. धोंडू कोण?”

“चुकलीस तू,” मी म्हणालो. आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नसे. “चल, पुढचं पान.”

“काय म्हणतेय ती?” मिसेस प्रॉक्टरनी विचारलं. त्यांना आमचं मराठी कळत नव्हतं, पण मुलीचा चेहरा कळत होता.

“शी इज ओन्ली अ बिगिनर,” मी हसून म्हणालो.

शर्वरीला माझ्यापेक्षा चांगलं इंग्रजी येत होतं, हे मी विसरलो होतो. तिनं बोट उचललं. पेन्सिल टेबलावर ठेवली, दोन्ही हात मांडीवर घेतले. उरलेली पानं मी एकट्यानं वाचली.

निघताना मिसेस प्रॉक्टरनी त्या निळ्या पानाची झेरॉक्स मला भेट दिली, कडक पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून. माझं लाल पेनही परत दिलं. स्टेशनवर मी शर्वरीला आईस्क्रीम घेतलं.

“पन्नास झाल्या नव्हत्या,” ती म्हणाली. खाल्लं मात्र सगळं, वितळू न देता, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर वही उघडून बसलो. ती आली नाही. मेधा म्हणाली, “बाबा, आज तिचा मूड नाही. उद्या बसेल.” उद्या पोहायला जायचं होतं. परवा मैत्रीण आली. मी परत यायला निघालो तेव्हा विमानतळावर तिनं मला घट्ट मिठी मारली. प्रेम काही कमी झालं नव्हतं. वही मात्र मी माझ्याच बॅगेतून परत आणली.

मी कुणाला काही बोललो नाही. पुढच्या चौदा ऑगस्टला नव्या मास्तरांनी मला शाळेत बोलावलं. “गुरुजी, ती गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायला हवी.” मी गेलो. सांगितली. त्याच्या पुढच्या वर्षी गुडघ्याचं निमित्त केलं. मग मास्तर स्वतःच सांगू लागले, माझ्यापेक्षा रंगवून. भाजी आणायला जाताना शाळेवरून जावं लागतं, म्हणून मी भोईआळीतून लांबचा रस्ता धरला. तिथे सुगंधाचं घर लागायचं. ती लग्नानंतर चार वर्षांनी मुलाला घेऊन माहेरी परत आली होती आणि अंगणवाडी चालवायची. ओसरीत पोरं बडबडगीतं म्हणत असायची. “काय गुरुजी, आज इकडून?” ती विचारायची. रोज हेच विचारायची. मी हात वर करून पुढे जायचो.

अकरा वर्षं गेली. २०२२च्या डिसेंबरात शर्वरी एकटी आली, महिन्याभरासाठी. एकवीस वर्षांची झाली होती, माझ्यापेक्षा उंच. मराठी बोलायची छान, मेधासारखीच. पण पहिल्या दिवशी एसटीची पाटी मला वाचायला सांगितली.

चौथ्या दिवशी मी कपाटातून पुठ्ठ्याचं पाकीट काढून तिच्यासमोर ठेवलं. चहा निवत होता.

“हे वाच,” मी म्हणालो.

तिनं पाकीट उघडलं, कागद बघितला, आणि ओळखला. मग माझ्याकडे बघून अगदी हलकेच म्हणाली, “आय अ‍ॅम ओन्ली अ बिगिनर, आजोबा.”

मी खाली बघितलं.

“तेव्हा तू बरोबर वाचलं होतंस.”

“मला माहितीये.”

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. तो धच होता.”

“मग हट्ट का नाही धरलास? आईला का नाही सांगितलंस?”

तिला हा प्रश्नच विचित्र वाटला असावा. “तुम्ही टीचर होता ना,” ती म्हणाली.

मी तिला सगळी ओळ न ओळ वाचून दाखवली. धोंडूचं पागोटं, चार वेळा, सगळं. मग आत्या, मागचं दार, पाय धुणं. मग सुगंधाचंही सांगितलं, ८४ सालचं. ते सांगायचं मी ठरवलं नव्हतं.

“ती बाई अजून इथे असते?”

“भोईआळीत.”

“मग तुम्ही हे मला का देताय?” शर्वरीनं कागद पाकिटात घातला. “माझे आजोबा नव्हते ते.”

त्याच दिवशी मी त्या संग्रहाला पत्र लिहिलं, खरं भाषांतर सोबत जोडून. शर्वरीनं ते मोबाइलवरून पाठवलं. मिसेस प्रॉक्टर निवृत्त झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी कुणा तरुण माणसाचं सभ्य उत्तर आलं. दुरुस्तीबद्दल आभार. नवं भाषांतर पुढे लावलं आहे. २०११चा आपला फॉर्म आमच्या नियमाप्रमाणे त्याच्या मागे ठेवला आहे, आपल्या सहीसह.

त्याच दुपारी अंगणवाडी सुटल्यावर आम्ही सुगंधाकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. शर्वरीला बघून म्हणाली, “ही मेधाताईची ना? बस गं. गुरुजी, तुम्ही खुर्चीवर बसा, गुडघा दुखतो म्हणता.”

मी खुर्चीवर बसलो नाही. कागद तिच्या हातात दिला. तिनं ताट बाजूला सरकवलं, हात साडीला पुसले आणि वाचला. तिचं वाचन मीच घडवलेलं, स्पष्ट, शेवटच्या शब्दापर्यंत न अडखळणारं. ‘धोंडूचे नाव या कागदांत कोठेच नाही’ इथे ती थांबली. मग पुन्हा सगळं वाचलं, या वेळी मनात.

“कधी मिळालं हे?”

“अकरा वर्षं झाली.”

“अकरा.” तिनं कागद घडी न पडू देता नीट परत केला. “गुरुजी, आमच्या आजीला हे माहीत होतं. मला माहीत होतं. तुमच्या अण्णांना तर माहीत होतंच, बिचाऱ्यांनी लिहून ठेवलंय. मग तुम्ही सांगायला आलात कुणाला?”

मी कागद परत पाकिटात सरकवला.

“मला सांगून काय करू मी? मी तेव्हाच उभी राहिले होते. तुम्ही म्हणालात, खाली बस.” ती पुन्हा तांदळाकडे वळली. एक खडा काढून अंगणात टाकला. “माझी नात तिसरीत आहे. रोज त्या चित्राखालनं दप्तर घेऊन जाते. पुढल्या वर्षी चौथीत जाईल, मास्तर तिला गोष्ट सांगतील.”

“ते चित्र मी पुसून टाकतो,” मी म्हणालो. “उद्याच. मुख्याध्यापकांची परवानगी घेतो.”

“शाळा समितीची अध्यक्ष मी आहे. परवानगी मी देणार.” पहिल्यांदाच ती थोडी हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. “आणि पुसायचं नाही. पुसलं तर पोरं विचारणार नाहीत काही. ते राहू दे तिथंच. त्याच्या खाली लिहा. रंगारी आणायचा नाही. तुम्ही लिहा, तुमच्या हातानं. शाळा भरलेली असताना.”

“सुगंधा, सगळ्यांसमोर…”

“मी पण सगळ्यांसमोरच बसले होते, गुरुजी.”

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. परिपाठ झाल्यावर मुलं भिंतीसमोर येऊन बसली. मास्तर बाजूला उभे होते, त्यांना सुगंधानं काय सांगितलं होतं कोण जाणे, ते माझ्याकडे बघत नव्हते. सुगंधा फाटकाशी उभी होती. आत आली नाही.

मी मुलांना गोष्ट सांगितली. फार लांबवली नाही. ती नेहमीसारखी गप्प बसली नाहीत. एकानं विचारलं, “मग चित्रातले आजोबा खोटारडे होते?”

“नाही,” मी म्हणालो. “त्यांनी खरं लिहून ठेवलं होतं. मी खोटं सांगितलं.”

“किती वर्षं?”

“पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं म्हणून. आणि नंतर माहीत असून.”

लहान मुलं अशा वेळी बघत राहतात, तशी ती बघत राहिली.

मी स्टुलावर चढलो. शर्वरीनं काळ्या रंगाचा डबा वर धरला. अण्णांच्या नावाखाली मी आधी दोरी बांधली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब शिरोरेषा. ती सरळ आली नाही. मग पहिला कपडा टांगला. गाठ मारलेला रुमाल.

मागून मुलं अक्षर पूर्ण व्हायची वाट बघत होती. त्यांच्या आधी शर्वरी वाचू लागली. हळूहळू, अडखळत, दहा वर्षांची असताना वाचायची तशी.

“धों… डू. भो… ई.”

ती थांबली. अकरा वर्षांपूर्वी थांबली होती तशीच, माझ्या ‘बरोबर’साठी.

“बरोबर,” मी म्हणालो. तोंड भिंतीकडेच ठेवलं.